पेचकस कोणाच्या हाती?

यवतमाळ जिल्ह्याच्या आग्नेय टोकाला, पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाला लागून असलेला झरी जामणी हा कापसाचा, कोलाम पोडांचा आणि गोंड वस्त्यांचा तालुका आहे. या तालुक्याच्या पोटातील चुनखडीसाठी मुकुटबनला अद्ययावत यंत्रांचा सिमेंट कारखाना उभा राहू शकतो. त्याच तालुक्यातल्या माणसाला जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला किंवा सातबाऱ्याचा उतारा हवा असला, तर मात्र ज्या यंत्रापुढे त्याला ताटकळावे लागते ते यंत्र पुष्कळदा सुरू व्हायलाच पाच-दहा मिनिटे घेते. पडद्यावर एक चक्र गरगरत राहते आणि रांगेतला माणूस मुकाट्याने ते पाहत राहतो. त्याचा दिवस मजुरीचा असतो, वेचणीचा असतो; पण त्या दिवसाची किंमत कोणत्याही दप्तरात नोंदली जात नाही.

शासनाचा कारभार कागदावरून संगणकावर गेल्याला आता एक तप उलटून गेले. २०११ मध्ये ‘संग्राम’ योजनेतून ग्रामपंचायतींत संगणक आले. पुढे त्यांची जागा ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी घेतली. २०१८ मध्ये डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आला, २०२१ मध्ये ई-पीक पाहणी आली. २०२५ च्या एप्रिलपासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला आणि त्याच वर्षीच्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाला हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ या अॅपवरील नोंदणी अनिवार्य ठरली. त्या नोंदणीला जमिनीची कागदपत्रे हवीत, कापसाच्या पेऱ्याची महसुली नोंद हवी. आदिवासी विद्यार्थ्याची शिष्यवृत्तीही संगणकातूनच येते. हक्काचा एकेक दरवाजा शासनाने असा संगणकाच्या खिडकीतून काढला आहे. मग ती खिडकी उघडते की अडते, हा केवळ यंत्राचा प्रश्न राहत नाही, तो हक्काचा प्रश्न होतो.

खिडकी अडली की दोष कोणाच्या माथी मारला जातो? तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या, आपल्या मागण्यांसाठी वर्षानुवर्षे आंदोलने करणाऱ्या संगणक परिचालकाच्या. लोक त्याच्यावर चिडतात, अधिकारी त्याला जाब विचारतात. तोही बिचारा एकच उत्तर देतो: “यंत्र जुने झाले, नवे मिळाले पाहिजे.” नव्याचा प्रस्ताव वर जातो आणि वरच राहतो. कधी एखाद्या योजनेतून नवे यंत्र आलेच, तर जुने निर्लेखित होऊन कोपऱ्यात जाते, कोपऱ्यातून लिलावात आणि लिलावातून भंगारात. शाळांतील संगणक कक्षांची कथा याहून फारशी वेगळी नाही.

यंत्र खरोखर मेले आहे काय?

या क्रमातील पहिलेच गृहीतक मुळात तपासून पाहिले पाहिजे. आठ-दहा वर्षांपूर्वीचा जो लॅपटॉप आज मृत म्हणून घोषित होतो, तो बहुतेक वेळा मेलेला नसतो. त्याचा मेंदू, म्हणजे प्रोसेसर, अर्ज भरणे, दाखले छापणे, पत्रे लिहिणे, धडे दाखवणे या कामांना पुरेसा असतो. त्याचा पडदा शाबूत असतो, कळफलक शाबूत असतो. त्याचे दुखणे बहुधा एकाच अवयवात असते आणि तो अवयव म्हणजे हार्ड डिस्क.

हार्ड डिस्कमध्ये गुळगुळीत तबकड्या मिनिटाला साधारणतः ५,४०० वेळा फिरत असतात आणि एक सूक्ष्म शीर्ष त्यांच्यावरून पुढेमागे सरकून माहिती शोधते. ग्रामोफोनच्या तबकडीवरून सुई उचलून दुसऱ्या जागी ठेवावी, तसाच हा प्रकार. एका शोधाला सेकंदाचा सुमारे शंभरावा भाग लागतो. हा काळ ऐकायला नगण्य वाटतो. परंतु संगणक सुरू होताना असे हजारो शोध घ्यावे लागतात आणि आजच्या आज्ञावल्या पूर्वीपेक्षा कितीतरी फुगलेल्या असतात. यंत्राचा बाकीचा सारा देह या एका सुईची वाट पाहत थांबतो. शिवाय ही सुई नाजूक असते. मोटारसायकलवरच्या पिशवीतला धक्का आणि वर्षांची झीज तिला हळूहळू निकामी करतात.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, हिच्यात फिरणारे काहीच नसते. माहिती अर्धवाहकाच्या चिपांत साठते आणि एक शोध सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास पुरा होतो. जुन्या लॅपटॉपची अडीच इंची हार्ड डिस्क ज्या खाचेत बसते, त्याच खाचेत, त्याच जोडणीवर ही एसएसडी बसते. बॅटरी सोडवावी, तळाचे स्क्रू काढावेत, जुनी डिस्क सरकवून काढावी आणि नवी बसवावी. हाताचे काम अर्ध्या तासाचे. जुन्या डिस्कवरील माहिती नवीवर उतरवून घ्यायला आणखी काही तास लागतील एवढेच. ज्या यंत्राला सुरू व्हायला पाच मिनिटे लागत ते अर्ध्या मिनिटात सुरू होते. स्मृतीची पट्टी ४ जीबीची असेल आणि दुसरी खाच रिकामी असेल, तर तेथे आणखी ४ जीबी घातल्यावर तेच यंत्र पुढची चार-पाच वर्षे मुकाट काम करते. काढलेली डिस्क धडधाकट असेल, तर ती एका स्वस्त डबीत बसवून दप्तराच्या प्रती राखण्यासाठी वापरता येते. अशा प्रती राखणे आवश्यकही आहे, कारण एसएसडी बिघडते तेव्हा बहुधा पूर्वसूचना न देता बिघडते.

हा उपाय सर्वत्र चालतो असे नाही. अगदी जुन्या, वेगळ्या जोडणीच्या यंत्रांना ही डिस्क बसत नाही. आणि अलीकडच्या कित्येक सडपातळ यंत्रांना तर कोणतीच बसत नाही, कारण त्यांची साठवण आणि स्मृती कंपनीने मुख्य फलकावर डाग देऊन कायमची पक्की केलेली असते. २०१५ चा जाड, ओबडधोबड लॅपटॉप दुरुस्त होतो आणि त्यानंतरचा झुळझुळीत लॅपटॉप होत नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. तंत्रज्ञान पुढे गेले आणि दुरुस्ती मागे पडली, हा अपघात नव्हे.

मरणाचा दाखला देणारे

वस्तू टिकू नये म्हणून संगनमत करणे ही मक्तेदारी भांडवलशाहीची जुनी खोड आहे. १९२४ मध्ये जिनिव्हात जगातील प्रमुख दिवे-उत्पादकांनी ‘फीबस’ नावाचा संघ स्थापन केला आणि विजेच्या दिव्याचे आयुष्य एक हजार तासांवर आणण्याचे ठरवले. अधिक टिकाऊ दिवा करणाऱ्याला दंड होता. आजच्या काळात तोच हेतू अधिक सभ्य मार्गांनी साधला जातो. मोबाइल संथ करणाऱ्या बदलांबद्दल इटलीने २०१८ मध्ये अॅपल आणि सॅमसंग या कंपन्यांना दंड केला; अॅपलने ग्राहकांना अंधारात ठेवले म्हणून फ्रान्सने २०२० मध्ये तिला अडीच कोटी युरोंचा दंड केला.

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ साठी तिने प्रोसेसरच्या पिढीची आणि सुरक्षा-चिपची अशी अट घातली की साधारणतः २०१८ पूर्वीची बहुतेक यंत्रे एका फटक्यात अपात्र ठरली. कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस असा अंदाज मांडला होता की, या एका निर्णयामुळे जगातील सुमारे २४ कोटी संगणक भंगारात जाऊ शकतात. यातील असंख्य यंत्रांचा एकही स्क्रू ढिला झालेला नव्हता. त्यांच्या मरणाचा दाखला कारखानदाराने लिहिला.

या प्रकरणातला एक तपशील कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. सुरक्षेची मुदत एक वर्ष वाढवून देण्यासाठी कंपनीने आधी शुल्क आणि अटी लावल्या. युरोपातील ग्राहक संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला, तेव्हा तेथील ग्राहकांना ही मुदतवाढ विनाशुल्क मिळाली. जी सवलत संघटित ग्राहकाला देता येते, ती देणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नव्हते, हे त्यातून आपोआप सिद्ध झाले.

आणि विंडोज हा काही संगणकाचा एकमेव प्राण नव्हे. केरळच्या सरकारी शाळांत अनेक वर्षे मुक्त आज्ञावलीवर शिक्षण चालते. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या सरकारी संस्थेने ‘बॉस’ ही लिनक्सवर आधारलेली भारतीय प्रणाली २००७ मध्येच तयार केली. जुन्या यंत्रात एसएसडी आणि तिच्यावर अशी प्रणाली असली, तर ते यंत्र सुरक्षितही राहते आणि परवान्याच्या पैशांतूनही मुक्त होते. अडचण उरते ती शासनाच्याच संकेतस्थळांची आणि बोटांचे ठसे घेणाऱ्या उपकरणांची. जेथे ती केवळ विंडोजवर चालतात, तेथे शासनाने एका परदेशी कंपनीच्या दुकानाला सरकारी शिक्का मारून दिला आहे असेच म्हटले पाहिजे.

आयबीएमचा धडा

समाजवादी चळवळीला हा प्रश्न नवा नाही. विस्मरण मात्र झाले आहे. १९७० च्या दशकापर्यंत भारतातील संगणकांवर आयबीएम या अमेरिकी कंपनीचे वर्चस्व होते. अन्यत्र वापरून झालेली १४०१ जातीची यंत्रे ती येथे आणून, डागडुजी करून, भरमसाट भाड्याने देत असे. यंत्र विकायचे नाही, भाड्यानेच द्यायचे. दुरुस्ती करायची तीही कंपनीच्याच माणसांनी. संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५-७६ मध्ये या व्यवहारावर कठोर ताशेरे ओढले. १९७७ मध्ये जनता सरकार आले, जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री झाले आणि विदेशी चलन नियमन कायद्यानुसार भांडवलातील वाटा कमी करण्याची अट आयबीएमने नाकारली, तेव्हा १९७८ मध्ये तिला हा देश सोडावा लागला.

या प्रसंगातला पराक्रमाचा भाग सर्वांना पाठ असतो. त्याहून महत्त्वाचा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. आयबीएम गेली तरी तिची यंत्रे थांबली नाहीत, कारण १९७५ मध्येच सरकारने ‘कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशन’ ही सार्वजनिक कंपनी स्थापन केली होती. तिचे नावच दुरुस्तीचे होते. तिच्या भारतीय तंत्रज्ञांनी ती यंत्रे ताब्यात घेतली, निगा राखली आणि निगा राखता राखता एवढे ज्ञान मिळवले की १९८० च्या दशकात रेल्वेच्या आरक्षणाची संगणकीय व्यवस्था याच कंपनीने उभारली. दुरुस्ती ही ज्ञानाची पहिली पायरी आहे, हे तिने प्रत्यक्ष करून दाखवले. २००१ मध्ये केंद्रातील राष्ट्रीय लोकशाही आघाडीच्या सरकारने या कंपनीतील ५१ टक्के वाटा टाटा समूहाला विकला आणि २०१५ मध्ये तिचे नावही दुसऱ्या कंपनीत विरून गेले. विक्री करणाऱ्या त्या आघाडीच्या उभारणीत फर्नांडिसांचाच मोठा वाटा होता, ही कडू गोष्टही समाजवाद्यांनी गिळून टाकू नये.

आयबीएमच्या या इतिहासातच एका रास्त आक्षेपाचे उत्तर आहे. “नवे श्रीमंताला आणि दुरुस्त केलेले जुने आदिवासीला, हाच का तुमचा समाजवाद?” असे कोणी विचारील. विचारणाराची चीड योग्य आहे. शहरातील कंपन्यांनी टाकून दिलेली यंत्रे झरी जामणीच्या शाळेला दान करावीत आणि छायाचित्रे काढून घ्यावीत, या दयाबुद्धीला पाठिंबा देण्याचे कारण नाही. परंतु आयबीएमचे १४०१ जुने होते म्हणून अन्यायकारक नव्हते. त्याचे झाकण उघडण्याचा अधिकार येथील माणसाला नव्हता म्हणून ते अन्यायकारक होते. उद्या झरी जामणीला अगदी कोरी यंत्रे दिली, पण ती डाग देऊन बंद केलेली, तालुक्यात कोणालाच उघडता न येणारी असली, तर पाच वर्षांनी हीच रांग, हेच चक्र आणि हाच परिचालक पुन्हा तेथे असेल. पेचकस कोणाच्या हाती आहे, यावर यंत्राची मालकी ठरते. नवे-जुने हा प्रश्न त्यानंतरचा आहे.

तिजोरी लोकांची, चिप कोणाची?

“एक डिस्क बदलायची तर बदला, त्यात पक्षाने काय करायचे?” असेही काही कार्यकर्ते म्हणतील. त्यांनी त्या डिस्कच्या किमतीकडे पाहावे. २०२३ च्या सुमारास २५६ जीबीची एसएसडी साधारण दीड-दोन हजार रुपयांत मिळत असे. नव्या लॅपटॉपला तीस-चाळीस हजार मोजण्याऐवजी एवढ्या रकमेत काम भागत होते. २०२५ च्या उत्तरार्धापासून मात्र चिपांचे भाव भडकले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने अमेरिकेत आणि अन्यत्र जी अवाढव्य विदागारे उभी राहत आहेत, ती जगातील साठवणीच्या आणि स्मृतीच्या चिपा घाऊक भावाने गिळत आहेत. या चिपा करणाऱ्या मोठ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. यांतल्याच सॅमसंग आणि हायनिक्स या कंपन्यांनी स्मृतीच्या चिपांचे भाव संगनमताने ठरवल्याची कबुली २००५ मध्ये अमेरिकेत दिली होती. सॅमसंगने ३० कोटी डॉलरचा दंड भरला.

मायक्रॉन या अमेरिकी कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले की, सामान्य ग्राहकाला ‘क्रुशियल’ या नावाने चिपा आणि एसएसडी विकण्याचा व्यवसाय ती बंद करीत आहे, कारण मोठे गिऱ्हाईक विदागारांचे आहे. हीच मायक्रॉन गुजरातेत साणंदला चिपांच्या जुळणीचा आणि चाचणीचा कारखाना उभारते. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या २७५ कोटी डॉलरच्या त्या प्रकल्पात निम्मा भार केंद्र सरकारचा, वीस टक्के गुजरात सरकारचा. म्हणजे शंभरातले सत्तर रुपये लोकांच्या तिजोरीतून. त्या सत्तर रुपयांच्या बदल्यात सामान्य माणसाला परवडणारा माल देशाच्या बाजारात ठेवला जाईल, शाळा-ग्रामपंचायतींना सुटे भाग रास्त भावात मिळतील, अशी अट घातल्याचे कोणी सांगितलेले नाही. कापूस पिकवणाऱ्याला हमीभावासाठी पाच कागद मागणारे सरकार कंपनीला तिजोरी उघडून देताना कोणते कागद मागते, हा प्रश्न झरी जामणीतूनच विचारला गेला पाहिजे.

मोडीची काळजी, दुरुस्तीची उपेक्षा

२०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याचे रीतसर संकलन व पुनर्चक्रण झाल्याची नोंद संयुक्त राष्ट्रांशी संलग्न संस्थांच्या अहवालात आहे. उरलेल्यातला मोठा हिस्सा दिल्लीतील सीलमपूर आणि उत्तर प्रदेशातील मुरादाबाद यांसारख्या ठिकाणी गरिबांच्या हातांनी फोडला, जाळला, आम्लात बुडवला जातो. भारतातील ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यांत कंपन्यांना लक्ष्य दिले आहे ते मुख्यतः मोडीत काढून धातू परत मिळवण्याचे. चालू शकणारे यंत्र चालू ठेवण्याची सक्ती कोणावर नाही. लॅपटॉप आयुष्यभरात जे प्रदूषण करतो, त्याचा बहुतांश भाग तो तयार होतानाच झालेला असतो. म्हणून त्याचे आयुष्य दुप्पट करणे, हे त्याला उत्तम रीतीने मोडण्यापेक्षा कितीतरी श्रेयस्कर आहे.

दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्राने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, ग्राहक दिनाचा मुहूर्त साधून, एका संकेतस्थळाचे उद्घाटन केले. युरोपीय संघाने २०२४ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा निर्देश मंजूर केला. भारतात मात्र संकेतस्थळावर भागले. उलट सुट्या एसएसडीवर वस्तू व सेवा कर १८ टक्के, तोच दर नव्या लॅपटॉपवर. जपून वापरणाराला आणि फेकून देणाराला सरकार एकाच मापाने मोजते.

काय केले पाहिजे

गांधीजींचा विरोध यंत्राला नव्हता, यंत्राच्या वेडाला होता. शिवणयंत्राला त्यांनी आपल्या टीकेतून वगळले होते. लोहियांनी आग्रह धरला तो छोट्या यंत्राचा, जे माणसाच्या आणि गावाच्या आवाक्यात राहते. उघडता येणारा, दुरुस्त करता येणारा संगणक या परंपरेत बसतो. म्हणून या मागण्या स्पष्टपणे मांडल्या पाहिजेत. शासकीय खरेदीच्या निविदेत साठवण, स्मृती आणि बॅटरी बदलता येण्याची अट असावी. शाळा आणि ग्रामपंचायतींतील कोणतेही यंत्र दुरुस्तीची तपासणी झाल्याखेरीज निर्लेखित होऊ नये. प्रत्येक तालुक्याच्या ठिकाणी सार्वजनिक दुरुस्ती केंद्र असावे, तेथे स्थानिक औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून शिकलेल्या मुलामुलींना पक्के वेतन मिळावे आणि संगणक परिचालकांना हे प्रशिक्षण कामाच्या वेळेत, पगारी मिळावे. दुरुस्तीच्या सुट्या भागांवरील कर रद्द व्हावा. शासनाची संकेतस्थळे मुक्त प्रणालीवर चालावीत. आणि ज्या चिप-उद्योगात लोकांचा पैसा आहे, त्यावर लोकांच्या अटी असाव्यात.

मागण्या करून थांबणे मात्र पुरेसे नाही. आपल्या गावातील शाळेत आणि ग्रामपंचायतीत किती संगणक बंद आहेत, ते कोणत्या वर्षी आले आणि नेमके कशाने अडले, याची यादी प्रत्येक शाखेने करावी. ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. ग्रामसभेच्या ठरावाने एक तरी यंत्र लोकांसमोर उघडावे, डिस्क बदलावी आणि ते सुरू होताना लोकांनी घड्याळ लावून पाहावे. जे यंत्र वर्षभर मेले म्हणून सांगितले गेले ते अर्ध्या तासात उठून बसले, हे एकदा पाहिलेला गाव पुढच्या वेळी “यंत्र जुने आहे, उद्या या” हे उत्तर निमूटपणे स्वीकारणार नाही. आणि यंत्राबाबत जो गाव हे उत्तर नाकारायला शिकला, तो वनहक्काच्या दाव्याबाबत आणि कापसाच्या चुकाऱ्याबाबतही ते फार दिवस ऐकून घेणार नाही.